कंदील आधी खाली

बारा ओळींची स्क्रिप्ट.
चार एका व्हिडिओतून बघून उतरवल्या,
उरलेल्या रात्री जागून, चुकत, खोडत.
आज मार्केट यार्डातल्या जुन्या कॉम्प्युटरवर रन केली
तर फोल्डरात एक फाइल उमटली. शून्य केबी.
रिकामी, पण आहे.

नेमगोंडा आण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले.
चाळीस वर्षं हरिपुरात तोलाईला होते,
नखांच्या कडेला अजून हळद.
"पेव खांदलंस व्हय?"
हो आण्णा. आता तोंड ठरवायचं.

क्रिएट टेबल.
पेवाचा क्रमांक, मालक, पोती, भरल्याचं साल.
प्रत्येक रकान्याला आधी विचारायचं,
तू आकडा की अक्षर?
हे आण्णांना फार पटलं.
"माणसालाबी इचाराय पायजे असं,"
म्हणत तंबाखूची डबी काढली,
खोलीभर नजर फिरवली, परत खिशात घातली.

हरिपुरच्या त्या जागेचे प्लॉट पडायचेत.
शेठनी यादी मागितलीय,
कुठं जमीन पोकळ आहे त्याची.
यादी आण्णांच्या डोक्यात.
ते बोलत गेले, मी काळ्या खिडकीत टंकत गेले.
चिंचेखालचं पहिलं. उताराचं दुसरं.
सतरा चौगुल्यांचं.
चहा येईपर्यंत पुन्हा: सतरा मगदुमांचं.
खिडकीत एरर.
एक क्रमांक दोनदा देता येत नाही, आण्णा.
"त्येला काय ठावं.
पोरीच्या लग्नात चौगुल्यानं अर्धं दिलं मगदुमाला.
तळाची हळद त्येची, वरची ह्येची,
मधी कडब्याचा थर.
येका शब्दानं भांडान न्हाई."
मी कडब्याच्या थरासाठी रकाना शोधत राहिले.
शेवटी दुसरं टेबल केलं, नुसतं वाट्यांचं,
आणि दोन्हींमध्ये सतराचा दोर सोडला.

साल?
"तुझ्या आईचा पयला साखरपुडा मोडला, त्या साली."
मला हे माहीत नव्हतं.
कर्सर तिथंच लुकलुकत होता.
मी नल लिहिलं.
नल म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
शून्य नाही, आण्णा. माहीत नाही असं.
"मग आमचा लई हिशेब नल हाय म्हण की."

एकोणचाळीस पेवं भरली.
चहा प्यायला, खिडकी बंद केली,
परत उघडून सिलेक्ट म्हटलं:
टेबल आहे, रकाने आहेत,
आत एक ओळ नाही.

कमिट लिहायचं राहिलं होतं.
एक शब्द, पुढं दोन कंस.

मी कपाळाला हात लावला. आण्णा
ओळखीचं माणूस दिसावं तसे स्क्रीनकडे बघत होते.
"पाच साली म्हापूर उतरला, आमी झाकणं काढली.
पेव जाग्यावर. तोंड जाग्यावर.
आत पिवळा राडा,
आन् वास आठ दीस गावभर."
थोडं थांबून:
"एरवी बी उतरायच्या आधी कंदील सोडायचो खाली.
इझला तर हवा वंगाळ, मागं फिरायचं.
तुझ्या ह्यात कंदील कुठाय?"

तेरावी ओळ लिहिली, कमिट.
चौदावी: आत किती आहेत ते मोज आणि दाखव.
एक खोटं पेव घातलं, बंद केलं, उघडलं.
उजेड आला. १.
ते पुसलं.

"चिंचेखालचं पयलं," आण्णांनी परत धरलं,
त्याच क्रमानं, त्याच आवाजात,
मध्ये पाणीसुद्धा न मागता.
सतराला थांबले.
"ब्याण्णव लिही," म्हणाले. "नल नको.
आन् आईला इचारू नको."